निंबाखालची रांगोळी

जठारपेठ, अकोला
माघ महिना, सन १९५७

सौ. प्रमोदिनी वन्सं यांस,

नात्याने वहिनी म्हणून गोदावरीचा आशीर्वाद आणि गरजेने नमस्कार, दोन्ही एकाच कागदात पाठवते आहे, गोड मानून घ्या. तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात निरगुडीचा पाला शेकून बांधा म्हणून लिहिलं होतं. बांधलात, की "वहिनी काहीही सांगते" म्हणून सोडून दिलंत? बापूसाहेबांचा खोकला, मुलांच्या परीक्षा, न्हाणीघरातली ती हलणारी फरशी, सगळ्याची खुशाली कळवावी. इकडे सर्व क्षेम. तुमचे दादा प्रकृतीने उत्तम आहेत, दोन्ही वेळा पोटभर जेवतात, ताटात काही टाकत नाहीत. त्यांच्याबद्दल याहून जास्त सध्या मला काही ठाऊक नाही.

पत्रास कारण असं, की मी टेनिस पाहिलं. हसू नका. चांगलं शुद्धीवर असताना, डोळे उघडे ठेवून, पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं, आणि अजून मी त्यातून बाहेर आलेले नाही. काल फोडणीत मोहरीऐवजी मेथ्या टाकल्या. तुम्ही म्हणाल, वहिनी, इतकी वर्षं दादा रोज संध्याकाळी क्लबात जाऊन तेच करतात. नाही हो वन्सं! ते जे करतात ते टेनिस नव्हे, हे मला आता कळलं. ते करतात तो बॉल शोधण्याचा खेळ आहे.

म्हणजे असं, की क्लबात वकील आणि अंमलदार मंडळी खेळतात ती हौसेने. (हौस कसली, पोट कमी करायला. कमी झालेलं एकही माझ्या पाहण्यात नाही.) त्यांना खेळ शिकवायला, रॅकेटच्या तारा ओवायला आणि साहेबांचा मूड बघून थोडंसं हरायला जो पगारी माणूस ठेवतात त्याला मार्कर म्हणतात. आमच्याकडे इनायतुल्ला आहे, तुमच्या बापूसाहेबांच्या क्लबात तो ताहेर आहे. ही माणसं पैसे घेऊन खेळतात म्हणून हौशी लोकांच्या सामन्यांत त्यांना घ्यायचं नाही असा नियम आहे. (तुमचे दादा कचेरीत पैसे घेऊन भांडतात, म्हणून कोणी त्यांना घरात भांडायची बंदी केली आहे का? पण ते असो.) तेव्हा या मार्कर लोकांची आपसात वेगळी स्पर्धा असते. त्यातले नावाजलेले मुंबई-दिल्लीकडे जातात. ज्यांना तिकडून बोलावणं येत नाही, नागपूरचे, यवतमाळचे, जबलपूरचे, आपल्या वऱ्हाडातले, त्यांची ही धाकटी स्पर्धा, आणि यंदा ती अकोल्याला. एकेकट्याचे सामने लवकर उरकले, त्यांचं मला काही विशेष वाटलं नाही. मी सांगते आहे ते डबल्सचं, म्हणजे जाळीच्या अलीकडे दोघे आणि पलीकडे दोघे.

ज्या क्लबात एकच मार्कर, त्याने शेजारच्या क्लबाचा जोडीला घ्यावा, अशी सवलत होती. म्हणून आमचा इनायतुल्ला आणि तुमचा ताहेर ही जोडी दिवाळीतच ठरून नावं गेली होती. शिवाय ताहेर म्हणजे इनायतुल्लाचा जावई. पोरगा एवढासा होता तेव्हा त्याच्या हातात रॅकेट इनायतुल्लाने दिली, आणि पुढे आपली गुलनारही त्यालाच दिली. पण नावं गेल्यानंतर मध्ये जे झालं त्याची एक बाजू तुम्हाला अमरावतीत कळली असेल. दुसरी माझ्याकडून घ्या. गुलनारची आई रहिमाबी माझ्या रजया शिवायला येते, तेव्हा टाक्यागणिक मला सगळं कळत गेलं.

गुलनारने ताहेरची क्लबात घालायची पांढरी पँट आपल्या नव्या गुलाबी ओढणीबरोबर भिजत टाकली. पँट एकुलती एक. दुसऱ्या दिवशी कोणी बडे साहेब खेळायला यायचे होते, आणि ताहेर त्यांच्यापुढे गुलाबी पँट घालून उभा राहिला. साहेब हसले, सगळा क्लब हसला. (बापूसाहेब हसले की नाही ते कळवा. हसले असतील तर त्यांच्याशी माझं वेगळं बोलणं आहे.) घरी येऊन तो बायकोला म्हणाला, तुझ्या बापाने तुला धुणंसुद्धा शिकवलं नाही. झालं! बापाचं नाव काढलं म्हटल्यावर कुठली लेक गप्प बसेल? गुलनार ट्रंक उचलून बडनेऱ्याला गाडी बदलून थेट इकडे. इनायतुल्ला म्हणाला, जावई येऊन माफी मागेल तर पोरगी जाईल. ताहेर म्हणाला, सासरे बोलावतील तर येईन. असे दोघे दोन गावी तोंड फुगवून बसले, आणि मध्ये ती पोरगी सुकत चालली. हसायची बंद झाली. आमच्या अंगणात आली की गेटाकडे पाठ करून बसायची, म्हणजे कोणी येतं का ते बघत नाही असं सगळ्यांना दिसावं.

मला ते बघवेना. शेवटी मीच मध्ये पडले. (तुम्ही म्हणालच, "वहिनी पडायचीच." पडते. मग काय बघत बसू?) मी इनायतुल्लाला बोलावून सांगितलं, हे बघा, खेळायला तो येणारच आहे. तुम्ही दोघे कप जिंकलात तर त्या आनंदात सगळं माफ. कोणी कोणाला काही म्हणायचं नाही, त्याच संध्याकाळी पोरगी नवऱ्याबरोबर जाईल. इनायतुल्ला दाढी कुरवाळत म्हणाला, "चालते बाई. पन हारलो तं त्यानं मले येऊन बोललं पायजे. पयले मी नाई बोलनार." ताहेरकडूनही तसाच उलटा निरोप आला. म्हणजे आता गुलनारचा संसार त्या कपात होता, आणि कप म्हणाल तर आपल्या लोणच्याच्या बरणीपेक्षा लहान.

आता मैदानाचं ऐका, कारण घोटाळा तिथेच झाला. क्लबाचं मैदान पहिल्यापासून शेणामातीचं. दर थोड्या दिवसांनी आमची घरकामाची जाईबाई चार बायका घेऊन तिथे जाते आणि सारवून जाते, वर चुन्याच्या पुडीने रेघा मारतात की झालं. पण यंदा बाहेरगावचे लोक येणार, त्यांना काय शेण दाखवायचं, असं कमिटीच्या मनात आलं. (कमिटी म्हणजे तुमचे दादा आणि मान हलवणारे इतर.) म्हणून लाल मुरूम टाकला, रूळ फिरवला, सगळे लांबून बघून खूश झाले. सामन्यांच्या आदल्या दिवशी उन्हाने त्याचे पोपडे सुटले. बॉल टाकला की कुठेही जावा, तोही डोक्यावरून. तुमचे दादा घरी आले ते पडलेल्या चेहऱ्याने. पाण्याचा तांब्या हातात धरून मला विचारतात, "काय गं, सारवण म्हणजे नक्की काय काय घालतात?" वन्सं, ज्या माणसाने आयुष्यात शेणाकडे नाक मुरडल्याशिवाय पाहिलं नाही, तो माणूस सगळ्या वकील मंडळींच्या वतीने माझ्यापाशी शेणाची चौकशी करत होता! मी म्हटलं, तुम्ही बसा. जाईबाईला निरोप धाडला, पदर खोचला आणि स्वतः गेले. क्लबाच्या फाटकातून मी आत गेले ती लग्नानंतर पहिल्यांदा, आणि तीही शेणाच्या पाट्यांबरोबर.

मुरूम खरवडून काढला, काळी माती कालवली आणि संध्याकाळपर्यंत मैदान असं सारवलं, असं सारवलं, की त्यावर पंगत बसवावी. तुमच्या दादांनी चुना आणवून वर रेघा मारून घेतल्या. पहाटे मी एकदा बघायला गेले तर जाईबाई आधीच तिथे उभी. म्हणाली, "बाई, कोरं सारवन ठेवू नाई. कोनी मेलं हाय का क्लबात?" आणि खरंच वन्सं, मलाही ते चर्रकन लागलं. सारवलेल्या जागेवर रांगोळीचं बोट न ओढता आपण कधी ठेवतो का? माणूस गेलेल्या घरात ठेवतात तसं. आणि त्या मैदानावर एका पोरीचं नशीब ठरायचं होतं! मी घरून रांगोळीचा डबा आणवला आणि चारी कोपऱ्यांत, बाहेरच्या रेघेजवळ पण रेघेच्या पलीकडे, बोटभर जागा सोडून, चार छान गोपद्मं काढली. होय, मीच काढली. जाईबाईवर ढकलायचा माझा विचार नाही आणि मला त्यात काही चुकल्यासारखंही वाटत नाही. शेण आमचं चालतं, मग रांगोळी का नाही?

तुमचे दादा आले आणि ओरडले. (तेव्हा अजून ओरडत होते, ते बरं होतं.) हे मैदान आहे की तुळशीवृंदावन, म्हणाले. झाडू मारायला लावला. पण पूर्वेकडच्या निंबाच्या झाडाखाली सकाळची दाट सावली असते, तिथला कोपरा त्या घाईत राहून गेला. मी पाहिलं होतं. बोलले नाही. एक तरी राहिली म्हणून बरं वाटलं.

बायकांना बसायला व्हरांड्यात चिकाचा, म्हणजे बांबूच्या काड्यांचा, पडदा लावून जागा केली होती. मी, माझ्या शेजारी रहिमाबी, आणि तिच्यापलीकडे गुलनार. ती म्हणे फक्त अब्बांचा खेळ बघायला आली होती. सरबताचा एक गडू आणि एकच पेला आणला होता, तोही अब्बांसाठी. (मधल्या वेळात त्यातलं सरबत मीही घेतलं. फार छान होतं. हे पत्र कोणाला मोठ्याने वाचून दाखवणार असाल तर एवढी ओळ गिळा.) तुमचे दादा अंपायर. निंबासमोर त्यांच्यासाठी उंच खुर्ची केली होती, तिच्यावर ते छत्री धरून असे बसले होते की खाली वाकून दक्षिणा द्यावी.

पहिला सामना यवतमाळवाल्यांशी. आणि आमचे दोघे एकमेकांशी बोलत नव्हते ना! डबल्समध्ये मधोमध येणारा बॉल कोणी घ्यायचा हे ओरडून सांगावं लागतं. हा ओरडेना, तोही ओरडेना. बॉल दोघांच्या मधून सन्मानाने निघून जायचा आणि हे दोघे दोन दिशांना आकाशाकडे बघत उभे. आपल्याकडे रुसलेल्या घरात होतं ना, दूध उतू जातंय हे दोघांनाही दिसत असतं, तसं. मग इनायतुल्लाने युक्ती काढली. तो अंपायरच्या खुर्चीखाली येऊन तुमच्या दादांना म्हणाला, "वकीलसाहेब, त्याले म्हना, जाळीपाशी इतका चिकटू नको." तुमचे दादा जात्याच सरळ. त्यांनी खुर्चीवरून तो निरोप ताहेरला जसाच्या तसा दिला. त्यावर तिकडून उत्तर आलं, "साहेब, त्याईले म्हना, मांगचं तुमी पाहा, समोरचं मी पाह्यतो." तेही पोचवलं. असे चारपाच निरोप झाले तेव्हा यवतमाळवाले म्हणाले, अंपायर एकाच बाजूला शिकवतो हे कुठल्या पुस्तकात आहे? खरंच होतं. मग निरोपही बंद झाले.

आणि वन्सं, इथून पुढचं मला नीट लिहिता येईल की नाही कोण जाणे. बोलायच्या सगळ्या वाटा बंद झाल्या आणि ते दोघे खेळायला लागले. खेळायला लागले म्हणजे काय, अहो, मी तोंडावर पदर धरला तो तसाच राहिला! ताहेर पुढे झेपावला की इनायतुल्ला त्याच्याकडे न बघता मागची मोकळी जागा धरायचा. इनायतुल्ला डावीकडे ओढला गेला की ताहेर पाठमोरा असूनही उजवीकडे सरकलेला असायचा. त्याला कसं कळायचं हो? डोळे तर बॉलवर. एकाने खाली वाकावं आणि बॉल त्याच्या पाठीवरून दुसऱ्याने मारावा, आणि वाकणाऱ्याने मागे वळूनसुद्धा पाहू नये. आमच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी जावा सणाला चार वर्षं एकत्र राबलो, पण एक पातेलं उतरवताना दुसरीच्या कोपराला चटका बसला नाही असा सण मला आठवत नाही. आणि हे दोघे, जे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला तयार नाहीत, ते धावत सुटलेले असताना एकमेकांच्या रॅकेटच्या वाऱ्यालाही लागत नव्हते. मला भरून आलं. मी मनात हात जोडले. कुणाला जोडले ते ठाऊक नाही. रहिमाबी म्हणाली, "दस साल सिखाया उसको, बाई." मी म्हटलं, हे शिकवून येत नाही, रहिमाबी. मग आम्ही दोघी उगीचच डोळे पुसत बसलो. आणि गुलनार, जी फक्त अब्बांच्या फटक्याला टाळ्या वाजवायची असं ठरवून आली होती, तिला हळूहळू कोणता फटका कोणाचा ते ओळखू येईना. मग ती सगळ्यालाच वाजवायला लागली.

यवतमाळवाले हरले, जबलपूरवाले हरले. दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटचा सामना, नागपूरकडच्या पुंजाराम आणि देवमन या जोडीशी. दोघे उंच, शांत, फार सभ्य माणसं. पुंजाराम तर खेळायला उतरताना मैदानाला हात लावून पाया पडला, आणि सारवण कोणी केलं म्हणून विचारलंसुद्धा! (तुमच्या दादांनी सांगितलं, कमिटीने.) सगळं अकोला लोटलं होतं. कलेक्टरसाहेब पहिल्या रांगेत. एक डाव त्यांचा, एक आमचा, तिसरा असा ताणला गेला की शेजारच्या बाईने माझा हात कधी धरला आणि मी तिचा कधी, ते दोघींनाही कळलं नाही. शेवटी अशी वेळ आली, की आमच्या जोडीने एक बॉल जिंकला की कप आपला.

ताहेरने बॉल उंच उडवला. पुंजाराम आणि देवमन दोघेही जाळीपाशी होते. बॉल त्यांच्या डोक्यावरून, त्या निंबाच्या फांदीला वळसा घालून, पूर्वेच्या कोपऱ्यात उतरला. आणि भसकन पांढरी पूड उडाली.

आता हे नीट ध्यानात घ्या. चुन्याची पूड उडाली म्हणजे बॉल रेघेवर पडला, आणि रेघेवर पडला म्हणजे आत. हा नियम तुमच्या दादांनीच मला आदल्या दिवशी जेवताना शिकवला होता, भाताचं शीत बॉल करून. त्यांनी पूड पाहिली, छत्री उंच केली आणि आपल्या जोडीला विजयी म्हणून पुकारलं. टोप्या उडाल्या, फटाके लागले, कमिटीतले एक वकील दुसऱ्या वकिलाच्या गळ्यात पडले. रहिमाबी माझ्या गळ्यात पडली. गुलनार उभी राहिली होती, ओठ घट्ट आवळून, चेहरा असा की आता रडेल की हसेल.

आणि मला दिसत होतं, वन्सं. पूड चुन्याची नव्हती. माझ्या गोपद्माची होती.

पलीकडे इनायतुल्ला चालत चालत जाळी ओलांडून त्या कोपऱ्यात गेला. त्याच्या मागोमाग ताहेर. दोघे सासरा-जावई खाली वाकून बघत राहिले. मग सरळ झाले आणि त्या दिवसांत पहिल्यांदा एकमेकांच्या तोंडाकडे बघितलं. आणि दोघे मिळून, एकदमच, खुर्चीकडे तोंड करून म्हणाले, "साहेब, बाहेर हाय." स्वतःच्या विरुद्ध हो! कप हातात आलेला, पोरीचा संसार त्यात, आणि म्हणतात बाहेर आहे. माझ्या अंगावर अजून काटा येतो लिहिताना.

तुमच्या दादांनी काय करावं? म्हणाले, अंपायरचा शब्द शेवटचा. पूड मी डोळ्यांनी पाहिली. लोकही ओरडायला लागले, आत, आत! इनायतुल्ला हात जोडून काही सांगत होता ते कोणी ऐकेना. पुंजाराम बिचारा रॅकेट पुसत उभा. आणि मी विचार केला, गोदावरी, गप्प बस. तूच ठरवलेला सौदा आहे, पोरगी उभी राहिली आहे, गप्प बस. तेवढ्यात मी चिक बाजूला सारून उभी होते आणि सगळ्या अकोल्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होते, "अहो, बाहेर! बाहेर आहे तो! ती रेघ नव्हे, माझी रांगोळी आहे!"

कलेक्टरसाहेब मागे वळून पाहतात. तुमचे दादा खुर्चीवर छत्री धरून तसेच. मग उतरले, कोपऱ्यात गेले, खाली वाकले, बोटाने पूड उचलून पाहिली आणि परत चढून बॉल नागपूरवाल्यांना देऊन टाकला.

पुढे आमची जोडी हरली. सांगायचं फार नाही, पण हरताना जे खेळले ते जिंकतानाही कोणी खेळलं नसेल, आणि शेवटचा बॉल गेला तेव्हा नागपूरच्या दोघांनी आधी आमच्या दोघांना मिठ्या मारल्या, मग एकमेकांना. मी मात्र मान खाली घालून बसले होते. मीच सौदा ठरवला आणि मीच मोडला. रहिमाबीकडे बघायची हिंमत होईना. तेवढ्यात पाहते तर ताहेर सरळ चिकासमोर येऊन उभा. घामाने निथळलेला, आणि वन्सं, ती पँट धुऊन धुऊन अजूनही गुलाबीच! मला वाटलं, आता माफी मागायची की नाही यावरून इथेच नवीन भांडण. तो जमिनीकडे बघत रहिमाबीला म्हणाला, "अम्मी, तिले सामान बांधून ठेवाले सांगा. संध्याकाळच्या गाडीनं निघू." चिकाच्या आतून गुलनार म्हणाली, "सामान तो कल का बांध के रखा है."

कालपासून! म्हणजे शेवटचा सामना सुरू व्हायच्या आधीपासून. कप येवो न येवो, पोरगी निघालेलीच होती. आणि मी मेली रात्रभर गणपती पाण्यात ठेवून बसले होते. इनायतुल्ला मागे उभा होता. त्याने जावयाच्या हातातली रॅकेट घेतली आणि आपल्या बगलेत मारली, त्याला ट्रंक उचलायला हात मोकळे हवेत म्हणून. संध्याकाळी तिघांनाही मी स्टेशनवर पाहिलं. जावई पुढे चालत होता, सासरा मागून, आणि अजूनही फारसं बोलत नव्हते.

तर असं हे टेनिस. मी आयुष्यात देवळं पाहिली, कीर्तनं ऐकली, पण दोन माणसं एका जागेत इतकी नीट वावरताना पाहिली नव्हती. तुम्ही बापूसाहेबांना सांगून एकदा अवश्य पाहा. गुडघ्याला पाला बांधा. मुलांना आशीर्वाद.

तुमची वहिनी,
गोदावरी

ता.क. ताहेर आणि गुलनार तुमच्याकडे पोचले असतील. बापूसाहेबांना सांगून क्लबातर्फे त्याला एक पांढरी पँट शिवून द्यावी. दोन दिल्या तर फारच बरं.

ता.क. दुसरा. खरं सांगायचं ते राहिलंच. त्या दिवसापासून तुमचे दादा माझ्याशी बोलत नाहीत. कलेक्टरसमोर बायकोने अंपायरला खोटं पाडलं, कप घालवला, आणि वर "अहो" म्हणून हाक मारली, हे त्यांना फार लागलं आहे. जेवताना जाईबाईला सांगतात, बाईंना सांग, आमटीत मीठ कमी आहे. मीठ बरोबर असतं. मला आधी हसू आलं, मग राग आला, आता काहीच येत नाही, नुसतं घर मोठं वाटतं. रुसून जायला मला माहेर उरलेलं नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून तुमच्याकडे येते आहे, गुरुवारच्या गाडीने. नवऱ्याच्या बहिणीकडे रुसून जाणारी मी पहिलीच असेन, पण सांभाळून घ्या. आणि चार दिवसांनी तुम्ही तुमच्या नावाने दादांना लिहा, की येऊन घेऊन जा. त्यांनी काही बोलायला नको. नुसते आले तरी पुरे.

ता.क. तिसरा. घरातला गोंद संपला आहे. पाकीट तसंच त्यांच्या टेबलावर ठेवते, चिकटवून पोस्टात टाकतील. दुसऱ्याचं पत्र वाचायची त्यांना सवय नाही.

*

चि. प्रमोदिनीस आशीर्वाद. गोंद लावता लावता वाचून झालं. बॉल आत होता. रेघेची आणि रांगोळीची, दोन्ही पुडी एकदम उडाल्या होत्या, हे खाली वाकल्यावर मला स्पष्ट दिसलं. पण तिने सगळ्यांसमोर बाहेर म्हटल्यावर मी आत म्हणणार होतो का? गुरुवारच्या गाडीची दोन तिकिटं काढली आहेत. तिला अजून सांगितलेलं नाही, कारण आमचं बोलणं बंद आहे.

तुझा दादा,
मोरोपंत